शांत बसणाऱ्या मुलीला एडीएचडी कसा?

‘मुलगी वर्गात एका जागी बसते, कुणाला मारत नाही, उलटून बोलत नाही. मग तिला एडीएचडी कसा असेल?’ एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्थिर बसणं किंवा उतावळेपणा आवरणं कठीण जाण्याचा विकार, म्हणून पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच: ‘एकदा गोळी सुरू केली की आयुष्यभर मागे लागणार का?’ एका घराने हे दोन्ही प्रश्न एकाच दुपारी विचारले, म्हणून त्यांचीच गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सानिका चौथीतली. सोबत आई आणि आजोबा. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे मी त्यांना गुरुजीच म्हणायचे. बालमानसोपचारतज्ज्ञांनी ‘एडीएचडी, अवधान (म्हणजे लक्ष) कमी असलेला प्रकार’ असं निदान करून औषधाचा विचार करायला सांगितलं होतं. गुरुजींना ते मुळीच पटलं नव्हतं.

“मॅडम, हजारो पोरं हाताखालून गेली माझ्या. चुळबुळी पोरं कशी असतात ते मला ठाऊक आहे. ही तसली नाही. ही आळशी आहे, आणि आईने लाडावून ठेवलीय.”

सून शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त पिशवीतून गणिताची वही काढून माझ्यासमोर ठेवली. एका पानावर आठ बेरजा. पहिल्या तीन अचूक, हातचे नीट मांडलेले. चौथीत बेरजेची वजाबाकी झालेली. पाचवी अर्ध्यावर सुटलेली. तिथून पुढे समासातली मेंदीची नक्षी पसरत पसरत पानभर आलेली, आणि खाली लाल पेनने शेरा: ‘येतं, पण करत नाही.’

“रोज सकाळी हेच,” आई म्हणाली. “मोजे घाल म्हणून सांगून स्वयंपाकघरात जाते, डबा भरून येते, तर एक मोजा पायात, एक हातात, आणि ही खिडकीकडे बघत बसलेली. ओरडले की दचकते. मुद्दाम करणारं मूल असं दचकत नाही हो.”

सानिकाला मी एकटीला बसवून विचारलं, वर्गात नेमकं काय होतं? थोडा विचार करून म्हणाली, “मी ऐकतच असते. पण बाई एकदम पुढच्या पानावर गेलेल्या असतात.”

एडीएचडीच्या या प्रकाराचं वर्णन मला याहून चांगलं करता येणार नाही.

गुरुजींची शंका मात्र मी उडवून लावली नाही. खुद्द वैद्यकशास्त्राने कितीतरी वर्षं त्यांच्याचसारखा विचार केलेला आहे. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने एका गोष्टीवर लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं, हे जन्मजातही असू शकतं असंही म्हटलं. पण ते मागे पडलं. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्यानं दिली. बुद्धीने बरी, पण स्वतःला आवर घालता न येणारी मुलं त्याने पाहिली होती. कारण शरीरात असावं असा त्याचा अंदाज होता, पण दोषाला नाव दिलं नैतिक नियंत्रणाचं. म्हणजे डॉक्टरच्या भाषेतही मूल वाह्यातच.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची मोठी साथ आली. त्यातून वाचलेली अनेक मुलं बेचैन, बेलगाम झाली. त्यावरून उलटा तर्क निघाला: मूल बेलगाम आहे, तर मेंदूला कुठेतरी इजा झालेली असणार. इजा सापडत नव्हती, तरी ‘किंचित इजा’ आणि पुढे ‘किंचित बिघाड’ अशी लेबलं साठच्या दशकातही चालली. १९६८ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार आला तो ‘बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया’ म्हणून. या सगळ्यात दिसलं कोण? बाकावर चढणारं, दुसऱ्याला ढकलणारं मूल, आणि ते बहुतेक वेळा मुलगाच. खिडकीकडे बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, मग तिला दवाखान्यात आणणार कोण?

सत्तरच्या दशकात कॅनडात व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवून दिलं की या मुलांची खरी अडचण हालचालीपेक्षा लक्ष टिकवण्यात आणि उतावळेपणा आवरण्यात आहे. मग त्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत ‘अवधान कमी, चंचलता असो वा नसो’ असं निदान आलं. १९८७ मध्ये नाव बदलून एडीएचडी झालं आणि शांत मुलं पुन्हा कडेला ढकलली गेली. १९९४ मध्ये तीन प्रकार केले तेव्हा त्यांना परत नीट जागा मिळाली. लक्षणं सात वर्षांच्या आत दिसायला हवीत ही अट २०१३ मध्ये बारापर्यंत सैल झाली. शांत मुलींचं बिंग पाचवी-सहावीत अभ्यास वाढल्यावरच फुटतं, त्यामुळे माझ्या मते हा बदल फार मोलाचा.

“गुरुजी, तुम्ही नोकरीला कधी लागलात?” मी विचारलं.

“शहात्तर साली.”

“त्या वेळच्या डॉक्टरांच्या पुस्तकातही सानिका नव्हती. तुम्हाला डी.एड.ला कोण शिकवणार?”

ते हसले नाहीत, पण खुर्चीत जरा मागे टेकले.

लाडाचा मुद्दाही तिथेच मिटवला. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की मुलामुलांत या बाबतीत जो फरक असतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आहे. घरच्या वळणाने त्रास वाढतो किंवा सुसह्य होतो, पण लाडाने एडीएचडी होत नाही. हे वाक्य मी सुनेसमोर मुद्दाम दोनदा म्हटलं.

डॉक्टरांनी निदान घाईने केलेलं नव्हतं. डोळे आणि कान तपासले होते, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहिलं होतं, झोपेची चौकशी केली होती. काही सेकंद टक लावून बघण्याचा एक फिटचा प्रकार असतो, तोही तपासून बाजूला केला होता. अध्ययन अक्षमतेची चाचणी झाली होती. शाळेतल्या बाईंकडून स्वतंत्र प्रश्नावली भरून आली होती, कारण लक्षणं घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी, सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात. एका भेटीत दहा मिनिटांत कुणी शिक्का मारत असेल, तर पालकांनी जरूर दुसरं मत घ्यावं.

आता गोळी. गुरुजी म्हणाले, “नशेची गोळी आहे म्हणे. नेटवर वाचलं मी.”

मी त्यांना १९३७ ची हकिगत सांगितली. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात ब्रॅडली होम नावाचं मुलांचं इस्पितळ होतं. एका श्रीमंत दांपत्याची मुलगी सातव्या वर्षी मेंदूज्वराने कायमची अधू झाली. तिच्यासाठी उभ्या केलेल्या मिळकतीतून ते निघालं. तिथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली मेंदूचे एक्स-रे काढत. त्या काळी त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरायचे, आणि मुलांची डोकी भयंकर दुखायची. दुखणं कमी व्हावं म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखी काही थांबली नाही. पण शाळेतले शिक्षक सांगू लागले की काही मुलं एकाएकी मन लावून अभ्यास करताहेत. मग त्यांनी ३० मुलांना आठवडाभर ते औषध देऊन पाहिलं, तर जवळपास निम्म्या मुलांत शाळेच्या कामात ठळक फरक दिसला. मुलं तर त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’च म्हणू लागली.

“म्हणजे मास्तरांच्या लक्षात आलं आधी,” गुरुजी म्हणाले. ही गोष्ट त्यांना आवडली.

आज आपल्याकडे प्रामुख्याने मिळतं ते मिथाइलफेनिडेट. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानित्सोन यांनी ते बनवलं. बायकोच्या रीटा या नावावरून ‘रिटालिन’ झालं. भारतात ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली येतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तेव्हा गुरुजींची भीती अगदीच हवेतली नाही. गैरवापर होऊ शकतो, म्हणून गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात हव्यात. पण तोंडाने, ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलेलं हे औषध मुलाला व्यसनी बनवत नाही. त्रास होतो तो वेगळा: भूक मंदावते, झोप उशिरा लागते, उंची किंचित कमी वाढू शकते. म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाबाची नोंद ठेवायची.

फक्त गोळी पुरते का? १९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा (वागण्याला वळण लावणाऱ्या, औषधाविना उपचारापेक्षा) सरस ठरलं. दोन्ही मिळून दिलं तेव्हा कमी मात्रेत भागलं. पण तीन वर्षांनी पाहिलं, तर गटागटांतला तो फरक उरला नव्हता. औषध चमत्कार नाही आणि विषही नाही, एवढं त्यातून मी घेते. सहा वर्षांखालच्या मुलांत तर सुरुवात पालक-प्रशिक्षणानेच करतात.

आम्ही आधी घर आणि वर्ग हाती घेतला. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. मोजे, बूट, दप्तर यांची चित्रं दाराला. आठ बेरजांऐवजी चार-चार, मध्ये पाणी पिऊन येणं. पहिला बाक, खिडकीपासून लांब. गुरुजींकडे संध्याकाळची वीस मिनिटं, आणि अट एकच: ‘आळशी’ हा शब्द वर्ज्य. त्यांनी ती पाळली. मुख्याध्यापकांना नियम दिला की पाळतात.

दोन महिन्यांनी सकाळ सुधारली, पण वर्गात अजूनही बाई पुढच्या पानावर जातच होत्या. मग घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून लहान मात्रेत गोळी सुरू केली, नाश्त्यानंतर. डबा अर्धा परत येऊ लागला, तेव्हा नाश्ता भरपेट केला आणि संध्याकाळी चारला पोळी-भाजी सुरू केली. पुढे वहीत आठही बेरजा येऊ लागल्या. पाण्याची बाटली ती अजून हरवते. नंबर काही वर आलेला नाही, आणि मी तशी आशाही लावली नव्हती.

आयुष्यभर लागेल का, याचं खरं उत्तर असं. हा त्रास वयात आल्यावर आपोआप जातो असं पूर्वी मानत. आता कळलंय की बऱ्याच जणांत काही लक्षणं मोठेपणीही राहतात. पण लक्षणं राहणं आणि औषध लागणं या दोन गोष्टी वेगळ्या. दर वर्षी फेरविचार करायचा. सानिकाचे डॉक्टर मे महिन्याच्या सुट्टीत गोळी थांबवून बघणार आहेत आणि शाळा उघडल्यावर बाईंकडून पुन्हा प्रश्नावली भरून घेणार आहेत. गुरुजींनी त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात. त्यांना अजूनही गोळी नकोच आहे, आणि रोज सकाळी ती देतातही तेच.