आधी नाचवून बघ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा निरोप पूर्ण ऐकला. कंपनीवाले म्हणतात सुरुवातीचा पीस काढून रीलपुरता मुखडा पुढे घ्या. अरेंजरला रॅप हवा, आईला एखादं भावगीत हवं, आणि तू आठ गाण्यांची चौदा करून बसलीस. ज्यांनी या गाण्यांवर नाचायचं त्यांना मात्र विचारलं नाहीस. डान्स-पॉपचा पहिला अल्बम काढते आहेस ना? मग आधी नाचवून बघ.

मॅडोनाचा पहिला अल्बम तुला तोंडपाठ आहे. तो घडला कसा तेही बघ. मिशिगनमध्ये नृत्य शिकलेली ही मुलगी न्यूयॉर्कला आली. ‘एव्हरीबडी’च्या डेमोची कॅसेट घेऊन ती डान्सटेरिया क्लबात गेली आणि मार्क कॅमिन्स या डीजेला तिने ती वाजवायला लावली. फ्लोअरवरची माणसं नाचली. त्यानंतर कॅमिन्सने तिला सायर रेकॉर्ड्स या कंपनीपर्यंत पोचवलं. आधी फ्लोअर, मग कंपनी! ऑक्टोबर 1982 मध्ये ते गाणं बाजारात आलं तेव्हा कव्हरवर तिचा फोटोही नव्हता. म्हणून म्हणतो, फोटोशूट थांबव.

अल्बमसाठी निर्माता म्हणून रेगी लुकास मिळाला. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर गिटार वाजवलेला हा तयारीचा माणूस. ‘बॉर्डरलाइन’ त्यानेच लिहिलं. तरीही तयार झालेले ट्रॅक तिला भरगच्च वाटले, पटले नाहीत. मग जेलीबीन बेनिटेझ आला, फनहाउस क्लबचा डीजे. लोक कुठे थबकतात हे तो रोज रात्री बघत होता. त्याने काही गाणी पुन्हा मिक्स केली आणि ‘हॉलिडे’ आणलं, जे तिचं स्वतःचं नव्हतंच. 27 जुलै 1983 ला अल्बम आला, गाणी फक्त 8. ‘हॉलिडे’ अमेरिकेच्या यादीत 16 व्या क्रमांकापर्यंत गेलं. ‘लकी स्टार’ 4 थ्या क्रमांकावर पोचायला 1984 उजाडलं. आणि तू पहिल्या आठवड्यातल्या व्ह्यूजची चिंता करते आहेस!

तुझ्या तिसऱ्या गाण्यात किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, आणि बेस गिटारचा खर्ज एकाच जागेसाठी भांडतात. हेडफोनवर ते कळणार नाही. मोठ्या स्पीकरवर नुसता घुमारा होईल, त्यात तुझे शब्द बुडतील. अंतऱ्याला तू ठेका अर्धा केलास, ऐकायला गोड आहे. पण नाचणाऱ्याचा पाय उचललेला असतो गं! तो कुठे टेकवायचा त्याने? हे तुला स्टुडिओतला कुणीही सांगणार नाही, कारण तिथे सगळे बसलेले असतात.

मीही हे बसून शिकलेलो नाही. उरण-पनवेलकडच्या हळदींत ऑक्टोपॅड वाजवत मी उभा असायचो. बेंजो पार्टीतली पोरं एखादी चाल दोनदा वाजवायची. दुसऱ्या फेरीला बायका खुर्च्यांवरून उठल्या नाहीत, तर ती चाल गेली. त्या मांडवात पारखलेला माझा एक ठेका एका कंपनीच्या साहेबांना राकट वाटला. वर व्हायोलिन भरा, म्हणाले. मी नाही म्हटलं. काम दुसऱ्याला गेलं, ती कॅसेट निघाली नाही, आणि हेकट हे विशेषण मला कायमचं चिकटलं. त्या कॅसेटची हळहळ आजही आहे. पण त्या ठेक्यावर माणसं नाचताना मी पाहिली होती, त्या साहेबांनी पाहिली नव्हती. आजही विचारलं तर नाहीच म्हणेन.

तुझा आवाज चांगला आहे, ते तुला ठाऊक आहे; त्यावर वेळ घालवत नाही. रॅप ठेवायचा की नाही, हे मला विचारू नकोस. भावगीत आईला घरी गाऊन दाखव, मनापासून गा, पण या अल्बममध्ये घालू नकोस. उरलेली गाणी कुणाचंही मत न विचारता नाचवून बघ.

शनिवारी तुझ्या मामेबहिणीची हळद आहे. डीजेला पेनड्राइव्ह दे, गाणं तुझं आहे हे कुणाला सांगू नकोस, आणि स्वतः बाजूला उभी राहा. कोणत्या ओळीला कोण बसलं, तेवढं लिहून मला रविवारी कळव. मिक्सची नवी फाइल तोवर पाठवू नकोस, मी उघडणार नाही.

तुझा,
काका