बी.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला) जाऊ का? आणि पहिल्याच सत्रात 'समाज' कशाला शिकवतात?

प्रश्न विचारणाऱ्या ताई कराडजवळच्या गावातल्या आहेत, मराठी घेऊन बी.ए. झाल्या आहेत. घरचे म्हणतात, ग्रंथालयशास्त्र म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारायला शिकणं. त्यांनी अभ्यासक्रम उघडून बघितला, तर पहिलाच पेपर 'ग्रंथालय, माहिती आणि समाज'. यात शिकण्यासारखं काय आहे, असं त्या विचारतात.

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याआधी काही वर्षं सांगलीत एका सार्वजनिक वाचनालयात होते. बी.लिब. आणि एम.लिब. दोन्ही कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात केलं. तुम्हाला खटकलेला हा पेपर मीही परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचून दिला होता. तो कळला २०१९च्या ऑगस्टमध्ये.

त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं वाचनालय तळमजल्यावर. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आम्ही चौघं होतो आणि माडीवर जायला एक अरुंद जिना. हाताला लागेल ते वर न्यायला लागलो. हाताला लागत होत्या समोरच्या रॅकमधल्या नव्या कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, कारण मागणी त्यांनाच असते. दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, टेबलावर होती, ती कुणीतरी उचलली. मागच्या खोलीत सर्वांत खालच्या फळीवर गावोगावच्या स्मरणिका होत्या. शाळांच्या, सहकारी सोसायट्यांच्या, तालमींच्या, नाट्यमंडळांच्या. तिकडे कुणी गेलंच नाही.

पाणी ओसरल्यावर त्या स्मरणिकांच्या विटा झाल्या होत्या. फोटोंसाठी वापरलेला गुळगुळीत कागद भिजून वाळला की पानं एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. साध्या कागदाची पुस्तकं आम्ही सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवली. त्यातली बरीच बचावली. (उन्हात टाकू नका, बांधणी वाकडी होते. हे कुठल्याही नदीकाठच्या वाचनालयाने लक्षात ठेवावं.) दाखल नोंदवही हाताशी होती म्हणून नेमकं काय गेलं ते तरी सांगता आलं. आम्ही वाचवलेली प्रत्येक कादंबरी पुण्यात पुढच्या महिन्यात विकत मिळाली असती. गेलेल्या स्मरणिकांमध्ये अशा होत्या की ज्यांची दुसरी प्रत कुठे असेल हे शोधायलाही मार्ग नव्हता. जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांची मिळून एक तालिका (कॅटलॉग) असती, तर निदान तेवढं कळलं असतं.

काय जपायचं, कुणासाठी, आणि हे ठरवायचं कुणी, हे त्या पेपरात असतं. एका गावाने स्वतःबद्दल जे लिहिलं ते आम्ही सर्वांत खालच्या फळीवर ठेवलं होतं. तो निर्णय पूर आला त्या दिवशीचा नव्हता, कित्येक वर्षांपूर्वीचा होता.

आता शिक्क्यांबद्दल. वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकवतात, ते शिकावंच लागतं, आणि हात बसला की सोपं जातं. पण त्यातही समाज आहेच. बहुतेक ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत वापरतात. ती १८७६ची. त्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे दिले आहेत. त्या दहा विभागांपैकी सात, २२० ते २८९, बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. बाकी जगातले सगळे धर्म २९० ते २९९मध्ये दाटीवाटीने. बौद्ध २९४.३, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. मराठी साहित्य ८९१.४६. आता तुकोबांची गाथा कुठे ठेवाल? २९४.५ला ठेवली तर मराठीच्या विद्यार्थ्याला ती कवितेच्या फळीवर सापडत नाही. ८९१.४६ला ठेवली तर देवळातून थेट आलेले आजोबा धर्माच्या रॅकपाशी शोधत राहतात. महात्मा फुल्यांचं लेखन धर्मात, समाजसुधारणेत की साहित्यात? त्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा हा प्रश्न तुमच्यासमोर कधीतरी येईलच. पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा लिहिताना तुम्ही त्या माणसाबद्दल एक मत मांडत असता. खुद्द ड्यूई यांच्याबद्दलही हिशेब झाला आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ साली त्यांच्या नावाच्या पदकाचं नाव बदलायचं ठरवलं. वर्णद्वेष, ज्यूद्वेष आणि स्त्रियांशी गैरवर्तन ही कारणं दिली. पद्धत मात्र आपण अजून वापरतो, आणि का वापरतो हे वर्गात बोलायला हवं.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथन यांची पाच सूत्रं तुम्हाला पाठ करायला लावतील. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पाठ कराच, पण ती कुणी लिहिली तेही बघा. हा गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि त्या एकाकी कामाला कंटाळून लगेच परत शिकवायला निघाला होता. आधी लंडनला जाऊन शिकून तर या, असं सांगितलं म्हणून गेला, आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघून बदलला. सूत्रं १९३१मध्ये पुस्तकरूपाने आली. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीने या क्षेत्रात येताना बिचकायचं कारण नाही, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

दुसरं सूत्र मला सर्वांत जड जातं. 'प्रत्येक' वाचक म्हणजे कोण कोण? याचं उत्तर कायद्यात शोधावं लागतं, आणि इथे पेपर खरोखर रंगतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डेन यांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयं उभी करायला घेतली. कोल्हापूर संस्थानाने १९४५मध्ये ग्रंथालय कायदा केला. मद्रासचा १९४८चा कायदा, ज्यामागे रंगनाथन होते, त्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात असा उपकर नाही. आपल्याकडे वाचनालय स्थानिक मंडळी चालवतात, शासन मान्यता देतं आणि अ, ब, क, ड अशा दर्जाप्रमाणे अनुदान देतं. याचं भलं असं की लोकांनी आपल्या हिमतीवर गावोगाव वाचनालयं काढली. आणि वाईट असं की वर्गणी आणि अनामत घ्यावीच लागते. युनेस्कोचा जाहीरनामा सांगतो की सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः मोफत असावं. आमच्याकडे एकदा धुणंभांडी करणारी एक बाई मुलीसाठी पुस्तक मागायला आल्या. अनामत आणि तीन महिन्यांची वर्गणी किती ते ऐकून 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांना मी काय सांगायला हवं होतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

नावात 'माहिती' आहे, त्याकडेही लक्ष द्या. पुस्तक नको, माहिती हवी म्हणून येणारे लोक वाढले आहेत. तासगावकडचा एक द्राक्ष बागायतदार मागच्या हंगामात कॉलेजात आला. युरोपला माल पाठवायचा होता, आणि डाउनी या द्राक्षावरच्या रोगासाठी कुठलं औषध कधीपर्यंत फवारलेलं चालतं यावर त्याच्या मोबाइलवर तीन गटांतून तीन वेगळे मेसेज. आम्ही मिळून पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी शोधली, ती कधीची आहे ते तपासलं, छापून दिली. अर्धा तास गेला. याला संदर्भसेवा म्हणतात. कुठली माहिती कुणी काढली, कधी काढली, कुणाच्या फायद्याची आहे, हे विचारायची सवय त्या पेपरातून लागते.

नोकरीचं सरळ सांगते. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि जागा कमी निघतात. सार्वजनिक वाचनालयात पगार फार तोकडा. लहान गावात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई हे एकच माणूस असतो. बी.लिब. एका वर्षाचं, एम.लिब. पुढचं एक वर्ष. घरून करायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, पण जमत असेल तर वर्गात बसून करा. कोहासारखी ग्रंथालयासाठीची मोफत संगणक प्रणाली, डिजिटल संग्रह, हे हाताने करून बघितल्याशिवाय येत नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन या, दोन्ही तुमच्याच जिल्ह्यात. एक वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी तिथे बसून मराठी विश्वकोश उभा केला, पहिला खंड १९७६चा. मुंबई-पुण्याबाहेर, कृष्णेकाठच्या गावात ज्ञानाची एवढी रचना होऊ शकते, हे बघून छाती भरून येते. दुसरं भिलार. २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वेच्या धर्तीवर. तिथे लोकांच्या घरात पुस्तकं ठेवली आहेत. स्ट्रॉबेरी खाऊन परतू नका. तासभर बसून बघा की पाहुणे काय उचलतात आणि गावातली मुलं काय उचलतात.

आणि मग तुमच्या गावातल्या वाचनालयात आठवडाभर संध्याकाळी बसा. देवघेवीची नोंदवही मागू नका. कोण काय वाचतं हे त्या माणसाचं खासगी असतं, तेही याच पेपरात आहे. नुसतं दाराकडे बघा. बायका किती येतात, कुठल्या वस्तीतलं कुणीच येत नाही, आत डोकावून पुढे कोण जातं. त्यांतल्या एखादीला गाठा आणि तिला काय हवं होतं ते विचारा. ते कुठे मिळेल हे शोधल्याशिवाय त्या रात्री तुम्हाला झोप आली नाही, तर अर्ज भरा.