वाचकांचे प्रश्न : डोंग्याचे इंजिन मध्येच दम टाकते

प्रश्न : आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या डोंग्यावर दोन सिलिंडरचे, ९.९ अश्वशक्तीचे, टू-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड इंजिन आहे. ते सुरू लगेच होते. मात्र गोसेखुर्दच्या जलाशयात पूर्ण रेस देऊन पाव तास गेलो, की हळूहळू दम टाकते आणि गचके देऊ लागते. रेस कमी करून थोडा वेळ थांबलो की पुन्हा नीट चालते. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले. काठावर मात्र त्याला कधीच दोष सापडत नाही. काय करावे?
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : थोडे थांबल्यावर इंजिन पूर्ववत होते, हे आपण लिहिलेत ते फार बरे झाले, कारण निदानाची दिशा त्यावरूनच ठरते. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, कचरा अडकला असता, तर तो पाच मिनिटांच्या विश्रांतीने सहसा निघून गेला नसता. पेट्रोलचा पुरवठा मागणीपेक्षा कमी पडत असेल, तर मात्र नेमके असेच घडते : रेस कमी केली की मागणी घटते, कार्बोरेटरची वाटी पुन्हा भरते आणि इंजिन सावरते. या ताकदीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण रेसवर तासाला साधारण चार ते पाच लिटर पेट्रोल पिते. काठावर पिंपात बुडवून मंद गतीवर चालवले, तर त्याचा लहानसा हिस्साही लागत नाही. मेकॅनिकला दोष दिसत नाही तो यामुळे, आणि म्हणून कार्बोरेटर पुन्हा उघडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

सर्वप्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा. घाटावरून टाकी मोटारसायकलवर घरी नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो घट्ट बंद केला जातो आणि दुसऱ्या दिवशी उघडायचा राहून जातो. कधी तो उघडा असला तरी त्याचे छिद्र धुळीने बुजलेले असते. पेट्रोल बाहेर जाते, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, म्हणून टाकीत निर्वात तयार होतो आणि इंजिनाच्या पंपाला पेट्रोल ओढवेनासे होते. इंजिन दम टाकेल त्याच क्षणी झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर शोध तिथेच संपला.

तसे झाले नाही, तर नळीवरील रबरी फुग्याकडे वळावे. एकाने इंजिन सांभाळावे आणि दुसऱ्याने, दोष चालू असतानाच, फुगा दाबून पाहावा. फुगा चपटा होऊन आत ओढला गेलेला आढळला, तर अडथळा फुग्याच्या आधी, म्हणजे टाकीतील शोषनळी, तिची जाळी किंवा झाकण यांत आहे. फुगा मऊ लागत असेल आणि कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा फुग्यातील झडप निकामी झाली आहे. हवा बहुधा नळीच्या टोकावरील कनेक्टरच्या झिजलेल्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून) किंवा सैल क्लिपमधून शिरते. फुगा हाताने दाबत राहिल्यावर इंजिन पूर्ण ताकदीने चालू लागले आणि वरील दोन्ही दोष नसले, तर इंजिनावरील फ्युएल पंपाचा पडदा थकला आहे असे समजावे. शेजारच्या डोंग्याची टाकी नळीसकट लावून पाहणे ही याहूनही सोपी परीक्षा आहे, फक्त दोन्ही इंजिनांचे कनेक्टर एकाच प्रकारचे असावे लागतात.

नळी बाहेरून धडधाकट दिसली म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि ओढ वाढली की झडपेसारखा मिटतो. ओढ कमी झाली की पुन्हा उघडतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि शोषनळीचे तोंड नेमके तळाशीच असते. तळातील थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा तास ठेवावे. दोन थर दिसले, तर ते पेट्रोल वापरू नये. पावसाळ्यानंतर उरलेल्या पेट्रोलबाबत ही तपासणी अवश्य करावी.

विजेचा दोष असता तर त्याची चाल वेगळी असती : बटण दाबल्यासारखे इंजिन एकदम बंद पडते. याला एक अपवाद आहे. तापल्यावर एखादी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे वेटोळे) निकामी होते आणि दोनपैकी एकच सिलिंडर चालतो. अशा वेळी इंजिन बंद न पडता निम्म्या ताकदीवर रखडते आणि गार झाल्यावर पूर्ववत होते. त्या अवस्थेत इंजिन ताबडतोब बंद करून दोन्ही प्लग काढून पाहावेत. एक पेट्रोलने ओला आणि दुसरा कोरडा, तपकिरी असेल, तर ओल्या बाजूची कॉइल आणि तिची तार तपासून घ्यावी. चालू इंजिनावर प्लगची तार उपटून पाहण्याची सवय मात्र सोडावी; त्यात झटका बसतो, पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी उडते आणि इग्निशनचे युनिटही जळू शकते.

आपल्या जलाशयात इकॉर्नियाची, म्हणजे जलपर्णीची, दाटी असते. तिची मुळे पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसली की इंजिन गार राहत नाही. म्हणून थंड पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडते की नाही, याकडे लक्ष असू द्यावे. धार थांबली तर इंजिनही थांबवावे.

दोष सापडेपर्यंत ‘चालते आहे तोवर चालवू’ असे करू नये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जाते. ५०:१ या प्रमाणात लिटरला २० मिलिलिटर ऑइल मिसळलेले असले, तरी पेट्रोलच कमी पोचले की ऑइलही कमी पोचते, आणि तेही पूर्ण रेसवर. पिस्टन ओरखडले गेले, तर शंभर-दोनशे रुपयांच्या ओ-रिंगचे काम इंजिन नव्याने बांधण्यावर जाते. चाचणी घेताना लाइफ जॅकेट आणि वल्ही घ्यावीत, दुसरा डोंगा हाकेच्या अंतरावर ठेवावा आणि पाण्याखालील झाडांच्या खोडांपासून दूर राहावे. विडी काठावरच ठेवावी.

प्रश्न : इटियाडोह धरणात आमच्या बोटीचे इंजिन रेस देताच जोरात ओरडते, पण बोट पुढे सरकत नाही. हाही पेट्रोलचाच दोष का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : नाही. इंजिनाचे फेरे वाढत असतील, तर ताकद तयार होते आहे. ती पाण्यापर्यंत पोचत नाही. आधी पंख्याला गवत किंवा जाळे गुंडाळले आहे का, ते इंजिन बंद करून पाहावे. पंखा मोकळा असेल, तर त्याच्या मधला रबरी बुश घसरत असण्याची शक्यता अधिक. बुशाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून बोट चालवावी; परतल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर नसतील, तर बुश गेला आहे. घसरणारा बुश मंद गतीवर बहुधा पकड धरतो, त्यामुळे पाण्यात असताना हे घडल्यास रेस अगदी कमी ठेवून काठ गाठावा. लहान इंजिनांत बुशाऐवजी पिन असते; ती तुटली तर पंखा मुळीच फिरत नाही, म्हणून एक जादा पिन आणि पक्कड बोटीत असू द्यावी, आणि पिनेच्या जागी खिळा ठोकू नये, कारण तो तुटत नाही आणि खोडावर आदळल्यावर गिअर तुटतात.