पाहुण्यांचा परिचय रंगतदार कसा करावा?

मंडळाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा परिचय तुम्हाला करून द्यायचाय, हातात त्यांचा दोन पानी बायोडेटा आहे, आणि त्यातून ऐकावंसं काही कसं काढायचं, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो, इथल्या मराठी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन बरीच वर्षं करतोय. माझं सांगणं एकच: त्या दोन पानांतली एकच गोष्ट निवडा. पदव्या, पुरस्कार, समित्या ओळीनं वाचायला लागलात की लोक शेजारच्याशी बोलायला लागतात.

कोणती निवडायची? जी ऐकून 'या विषयावर यांनीच का बोलायचं' हे कळेल ती. समजा, विषय शिक्षणाचा आहे आणि पाहुणे आहेत सयाजीराव महाराज. 'जन्म १८६३, राज्यारोहण १८७५' अशी सुरुवात केलीत तर सगळं खरं असूनही काही लक्षात राहणार नाही. त्याऐवजी असं म्हणून बघा: 'नाशिककडच्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला एक मुलगा बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक आला. त्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते इथे आल्यावर. त्याच मुलानं पुढे १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.' वाक्यं तीनच, पण आता सभागृहाला पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

अशी गोष्ट बायोडेटात बहुधा नसते. पाहुण्यांना आधी फोन करा आणि 'या विषयाकडे कसे वळलात?' एवढंच विचारा. नावागावाचा उच्चारही तेव्हाच पक्का करून घ्या.

वेळ दोन मिनिटं, म्हणजे साधारण दोनशे-सव्वादोनशे शब्द. लिहून काढा, मोठ्यानं वाचा, दम लागेल तिथे वाक्य तोडा. 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व', 'परिचयाची गरज नसलेले' वगैरे सरळ कापा. आपल्याकडची बरीच तरुण मुलं गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी मात्र छान मराठी बोलणारी. त्यांनी अशा कार्यक्रमांना यावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे, म्हणून म्हणतो, त्यांच्या घरात बोललं जातं तेच मराठी बोला.

पाहुणे काय सांगणार आहेत ते तुम्ही सांगू नका. त्यांचं नाव अगदी शेवटी घ्या आणि लगेच माइकपासून बाजूला व्हा. मोबाइल बंद ठेवायची सूचना, देणगीदारांचे आभार, सगळं त्याआधीच उरकून घ्या.