भायखळ्यापासून सुरुवात करा

मुंबईतली संग्रहालयं बघायला निघालात तर पहिल्याच दिवशी पाच उरकायच्या भानगडीत पडू नका, तीन पुरेत. आणि वार बघून निघा: राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, काळा घोडा चौकातलं एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी.

सकाळी भायखळ्याला उतरून पूर्वेला चालत भाऊ दाजी लाड गाठा. 1872 ची इमारत, जुन्या मुंबईतलं जगणं दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या बाहुल्या. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहेच, पण शेजारचा घोडेस्वारही बघा. तोच मूळ ‘काळा घोडा’! 1965 मध्ये इकडे आणला. दुपारी त्याच्या नावाच्या चौकात जाल तेव्हा गंमत कळेल.

मग स्लो लोकलने तिसरं स्टेशन सीएसएमटी. तिकीट पाच रुपये. तिथून काळा घोड्यापर्यंत वीसेक मिनिटं चाला, टॅक्सी कशाला? आधी पोटपूजा, मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे सगळं बघायला गेलात की पाय बोलतात. मी तर लघुचित्रं आणि सिंधमधल्या मीरपूर खासचे भाजक्या मातीचे बुद्ध एवढ्यासाठीच दोन तास ठेवतो. एनजीएमए तिथून समोरच आहे. जीव उरला तर जा, नाहीतर पुढच्या खेपेला.