म्हाताऱ्याचं काम

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल तालमीहून तू तोंड पाडून गेलास, ते मी पडवीतून बघितलं. एकविसाव्या वर्षी सासऱ्याचं काम वाट्याला आलं, आणि नायक झाला मुंबईचा चाकरमानी, जो शेवटच्या चार तालमींना उगवणार! त्यात थोडं राजकारण आहे, मी नाही म्हणत नाही. नवे पडदे त्याच्याच मंडळाने दिलेत. ते सोड.

आडिवऱ्याच्या महाकालीला तू दरवर्षी जातोस. नट केशवराव दाते त्याच गावचे, हे कुणी सांगितलं होतं का तुला? जन्म १८८९चा. अर्धं आयुष्य नाटकात गेलं, मग प्रभात कंपनीच्या बोलपटांत आले. 'अमृतमंथन' १९३४मध्ये मराठी आणि हिंदी असं दोन्ही भाषांत निघालं. हिंदीतला राजगुरू चंद्रमोहनचा, मराठीतला दात्यांचा. चंद्रमोहनच्या डोळ्यांचं कौतुक अजून चालतं. दात्यांकडे तसले डोळे नव्हते, पण आवाज होता, नाटकात घासून घासून तयार झालेला.

पण तू 'कुंकू' बघ. १९३७चा, शांतारामबापूंचा. मुलीच्या वयाच्या नीराशी लग्न करून बसलेला विधुर वकील काकासाहेब. दात्यांनी तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. पार्श्वसंगीत नाहीच, जे आवाज येतात ते प्रसंगातलेच. म्हणजे रडू आणायला सारंगी मदतीला येत नाही, नटाने एकट्याने निभवायचं. आणि बघ, काकासाहेब कुठेही म्हातारपण 'दाखवत' नाही. ते लपवायचीच त्याची धडपड असते. म्हणून त्याचा राग येता येता कीव येते. मी तो सिनेमा पाच वेळा तरी पाहिला असेन. पहिल्या दोन वेळा मला फक्त नीरा झालेली शांता आपटे दिसली, हे कबूल करतो.

तू काल काय केलंस? पहिल्याच वाक्याला खोकलास, हात थरथरवलास, कमरेत वाकलास. आपल्या वाडीतला कोणता म्हातारा असा चालतो रे? जांभ्याच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबतात आणि माडाकडे बघतात, जणू नारळच मोजायचे होते. दम लागलाय हे कळू द्यायचं नसतं. तुझा सासराही सुनेसमोर असाच थांबेल. संहितेत ते लिहिलेलं नाही, तुलाच शोधावं लागेल.

केसांना पावडर थापू नको. एका जत्रेत मी थापली होती. दुसऱ्या अंकात मुलगा पाया पडून उठताना माझ्या डोक्यावर आदळला आणि पांढरा ढग उडाला. प्रसंग करुण, आणि पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत! कानाजवळ दोन रेघा ओढ, पुरे.

उद्या दुपारी जेवणानंतर आजोबांजवळ बस. काही विचारू नको. पान लावताना चुना कोणत्या बोटाने घेतात, अडकित्ता कुठे ठेवतात आणि मग कुठे शोधतात, एवढंच बघ. संध्याकाळी तालमीला येताना त्यांची जुनी चप्पल मागून आण. टाच एका बाजूने झिजलेली असणार. ती घालून अंगणातून एक फेरी मारलीस की कंबर कशी वाकते ते मला सांगावं लागणार नाही.

तुझा,
काका