उल्का लाव्हाचा दगड निघाली तर ती कुठून आली हे कसं ओळखतात?

तुम्ही विचारलंय की उल्का जर ज्वालामुखीच्या दगडासारखी असेल तर ती कुठली हे कसं ठरवतात. मी जिऑलॉजी शिकलोय आणि राहतो ऐरोलीत, त्यामुळे लोक काळे दगड घेऊन येतातच. आमच्या बिल्डिंगमधले एक काका पारसिकच्या डोंगरावरचा दगड दुधाच्या पिशवीत घालून आले, म्हणे लोहचुंबक चिकटतंय, उल्काच आहे. अहो काका, आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडात, मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतं, चिकटणारच! उल्केला बाहेरून कागदासारखी पातळ जळकी साल असते, ती या दगडाला नव्हती.

पण काकांना हसू नका, कारण युक्राइट जातीच्या उल्का आतून जवळजवळ आपल्या बेसॉल्टसारख्याच, तीच खनिजं, तेच पायरॉक्सिन, तेच प्लॅजिओक्लेज. म्हणून दगडातला ऑक्सिजन मोजतात. त्याचे १६, १७, १८ असे वेगवेगळ्या वजनाचे तीन भाऊ (आयसोटोप), त्यांचं प्रमाण बघायचं. पृथ्वीचे आणि चंद्राचे दगड एका रेषेवर बसतात, मंगळाचे जरा वर, युक्राइट जरा खाली. हे झालं दगडाचं गोत्र, पण गोत्रावरून घरचा पत्ता थोडाच मिळतो.

युक्राइटचा पत्ता दुर्बिणीने दिला, १९७० मध्ये वेस्टा लघुग्रहाचा वर्णपट, म्हणजे त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातले रंग, त्यांच्याशी जुळला.

मंगळाची गोष्ट जास्त भारी आहे. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारात शेरघाटीला एक उल्का पडली, १९११ ला इजिप्तमध्ये नाखला. नाखलाचं वय निघालं साधारण १३० कोटी वर्षं, आणि लघुग्रह तर ४५० कोटी वर्षांपूर्वीच थंड व्हायला लागलेले, मग एवढ्या उशिरा लाव्हा आला कुठून? मोठा ग्रहच पाहिजे ना. तरी तो संशयच होता. मग शेरघाटीच्याच जातीची ईईटीए ७९००१ अंटार्क्टिकात सापडली, तिच्यात काचेच्या बारीक खिशांत वायू अडकलेला, १९८३ मध्ये बोगार्ड आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी तो मोजला तर १९७६ ला व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. विषय संपला.

पण गोत्र फसवतं पण हां. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमध्ये दियोदरला पडलेली उल्का ऑब्राइट जातीची आहे, आणि ऑब्राइटचा ऑक्सिजन पृथ्वीच्याच रेषेवर बसतो! तिथे खनिजं बघावी लागतात, त्यांच्या पायरॉक्सिनमध्ये लोखंड जवळपास नाहीच, म्हणून आतून पांढुरक्या दिसतात, पारसिकच्या दगडाच्या अगदी उलट.